बाकड्यानं शिकवलेला कान

कपबशांच्या कारखान्यात टणकाबाईचं काम सांगायला सोपं होतं. भट्टीतून निघून गार झालेला कप डाव्या हाताच्या बोटांवर धरायचा, उजव्या हातातल्या लाकडी दांडीनं त्याच्या काठाला हलका टोला द्यायचा आणि ऐकायचं. कप धड असेल तर टण्ण वाजतो आणि आवाज हवेत जरा रेंगाळतो. आतून तडकलेला असेल तर बद्द वाजतो, तोंडात घास असताना माणूस बोलतो तसा. दिसायला दोघं सारखेच, गोरेगोमटे, चकचकीत. तडकलेला कप डोळ्याला फसवून पुढं जातो आणि एक दिवस कुणाच्या तरी मांडीवर गरम चहा सांडून मोकळा होतो.

तो तिथवर जाऊ नये म्हणून ही बाई बसवलेली. सकाळी बाकड्यावर बूड टेकलं की दिवेलागणीपर्यंत टण्ण, टण्ण, टण्ण, बद्द, टण्ण. धड कप उजवीकडच्या फळीवर, तडकलेला डावीकडच्या पिंपात. पिंपात पडताना तो फुटायचा, तो आवाजही तिच्याच कानात जायचा.

टणकाबाई हे नाव भट्टीवाल्यानं ठेवलेलं. कपाच्या आवाजावरून ठेवलं की तिच्या तोंडावरून, ते त्यालाच ठाऊक. तिनं कधी विचारलं नाही. नावाचं लोणचं घालायचंय का, म्हणायची.

खरं तर बाई आता टणक राहिली नव्हती. उजवा खांदा उतरला होता, बोटं दांडीच्या आकारानं वाकून गेली होती, आणि संध्याकाळी बाकड्यावरून उठताना पाठ आधी नाही म्हणायची, मग नाइलाजानं हो म्हणायची. पण सगळ्यात जास्त थकले होते ते कान. कारखाना बंद झाला तरी कानातले कप वाजायचे थांबत नव्हते. घरात तिनं चिनी मातीचं एक भांडं ठेवलं नव्हतं. समोरच्या घरात शेजारणीनं चहात चमचा फिरवला की ही इकडून ओरडायची, "तुझी ती निळ्या काठाची बशी गेलीय बघ, टाकून दे." शेजारीण चारचौघांत कौतुकानं सांगायची. हिला मात्र वाटायचं, कुणीतरी येऊन कानात बोळे घालावेत आणि पुन्हा काढूच नयेत.

"सोडून जाणार म्हणतेस, पण जाणार कुठं?" भट्टीवाल्यानं एकदा विचारलं.

"मला कुठं जायचं नाही रे बाबा," ती म्हणाली. "मला फक्त इथं यायचं नाही."

पण तसंच उठून जाता येत नव्हतं. त्या कारखान्याची एक जुनी रीत होती. भट्टीवाला उठला तर मुकादम दुसरा भट्टीवाला बघायचा, रंगाची बाई उठली तर दुसरी बाई यायची. टोल्याच्या बाकड्यावरून उठणाऱ्यानं मात्र आपल्या जागी आपण शिकवलेला कान बसवून जायचं. तो कान मुकादमाच्या परीक्षेला उतरला तर जागा त्या घराकडं राहायची आणि जुना माणूस मोकळा. नाही उतरला तर जुन्यानं परत दांडी धरायची, नाहीतर जागा आणि तिच्यावरची भाकरी दोन्ही सोडून द्यायची. टणकाबाईला तिच्या सासूनं असंच बसवलं होतं. आता हिनं कुणाला बसवायचं? पोटी मूल नव्हतं, नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. उरली धाकटी जाऊ.

दोघींची घरं म्हणजे एकाच भिंतीच्या दोन बाजूंच्या दोन खोल्या. धाकटीचा नवरा, म्हणजे टणकाबाईचा दीर, सामानाचा टेंपो चालवायचा. कमरेनं दगा दिला तेव्हापासून तो खाटेवर बसून जगाची चाकं फिरवायचा. त्या घरात कमावता हात राहिला नव्हता. म्हणजे थोरलीला सुटका हवी होती आणि धाकटीला काम. दोघींचं घोडं एकाच दोरीला बांधलेलं.

जावाजावांचं फार गूळपीठ होतं असं नाही. पाण्याच्या नळावरून, दोरीवरच्या कपड्यांवरून, एकीच्या मांजरानं दुसरीचं दूध प्यायल्यावरून सगळं व्हायचं ते होतच होतं. पण धाकटी कामाला वाघीण. पहिल्या दिवशी बाकड्यावर टणकाबाईच्या शेजारी बसली, दांडी हातात घेतली आणि म्हणाली, "जाऊबाई, सांगा. काय ऐकायचं?"

इथंच पंचाईत झाली. टणकाबाईला ऐकता येत होतं, सांगता येत नव्हतं.

"अगं, बद्द वाजतो तो बद्द."

"म्हणजे कसा?"

"म्हणजे तसाच! आता तुला काय कप गाऊन दाखवू?"

मग दोघींनी आपली एक पद्धत बसवली. धाकटीनं टोला द्यायचा, ऐकायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "बरा" किंवा "बद्द". चुकली तर टणकाबाई म्हणायची, "ऊं हूं." बरोबर असलं तर काहीच म्हणायची नाही. तारीफ करायला तिच्या तोंडात दात कमी होते.

सुरुवातीचे दिवस ऊं हूं ऊं हूं करण्यातच गेले. मग ते कमी झालं. आणि मग एके दिवशी टणकाबाईच्या ध्यानात आलं की आज आपण तोंडच उघडलेलं नाही. सकाळपासून धाकटी म्हणत होती बरा, बरा, बद्द, बरा, आणि एकही चुकत नव्हता. कपाच्या भेगेतून शाई झिरपते, म्हणून खातरजमेला निळ्या शाईच्या पाण्याचं एक घमेलं तिथं ठेवलेलं असायचं. कप बुडवून पुसला की भेग निळ्या रेघेसारखी उठून दिसते. सगळाच माल असा बुडवायचा म्हटला तर पुसायला दुसरा कारखाना काढावा लागेल, म्हणून तो उद्योग शंकेपुरताच. टणकाबाईनं धाकटीचे बद्द कप शाईत बुडवले. एकूण एक कपावर निळी रेघ. बरे म्हटलेले बुडवले, पांढरे शुभ्र.

"आला बाई कान तुला," टणकाबाई म्हणाली, आणि तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

धाकटी हवेत. घरी नवऱ्यासमोर बसून ती व्याख्यान द्यायची. "कळलं का, धड कपाचा आवाज वर जातो आणि तिथंच विरतो. तडकलेल्याचा खाली बसतो. सुरुवातीला नाही कळत, शेपटाला कळतं." मग ताट, तांब्या, खिडकीची काच, जे हाताला लागेल त्याच्यावर टोला. दीर म्हणायचा, "वहिनी, हिला आवरा. काल माझ्या डोक्यावर वाजवून बघितलं."

"मग काय वाजलं, भावजी?"

"बद्द म्हणाली!"

मुकादमानं परीक्षेचा दिवस नक्की केला. टणकाबाई दिवस मोजू लागली.

मधेच तिला सर्दी झाली. साधी नाही, कान गच्च बसवणारी, विहिरीच्या तळाशी बसून जग ऐकल्यासारखी. तिला वाटलं, झालं तर बरंच झालं, धाकटी आहे की. दिवसभर ती बाकड्यावर नुसती बसून राहिली, नाक पुसत. धाकटी टोले देत होती, तिचे ओठ हलत होते. हिला कपांचं काही ऐकू येत नव्हतं, आणि कानांना इतका आराम कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

संध्याकाळी मुकादम पाय आपटत आला. त्याच्या हातातल्या कपांवर निळ्या रेघा. माल बांधणाऱ्या बाईला एक कप हातात तडकलेला मिळाला, म्हणून तिनं बाकीचे शाईत घातले होते.

"हे काय? आज कोण बसलं होतं? मांजर बसलं होतं?"

"मी बसले होते," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मला सगळे बरेच वाजले."

मुकादम गेल्यावर टणकाबाई तिच्याकडं बघत राहिली. "सर्दी मला झाली," ती म्हणाली, "आणि कान तुझे बसले?"

धाकटीला रडू आलं. त्या दिवशी दोघीही दमलेल्या, म्हणून गोष्ट तिथंच राहिली. दोन दिवसांनी सर्दी उतरली आणि धाकटी परत बिनचूक. नजर लागली असेल म्हणून सोडून दिलं. मग छताला चुना द्यायला आलेल्या माणसांनी उंचीला म्हणून ते लांब बाकडं उचलून नेलं. दोघी एकेका खोक्यावर बसल्या, शेजारी शेजारीच. टणकाबाईला सर्दी नाही, कान लख्ख उघडे. तरी धाकटीचं सगळं चुकायला लागलं. बद्दला बरा, बऱ्याला बद्द. ऊं हूं करून टणकाबाईचा घसा बसला. चुनेवाल्यांनी बाकडं परत आणून ठेवलं, दोघी बसल्या, आणि धाकटी पुन्हा बिनचूक!

"हिचे कान बाकड्यात आहेत काय गं?" भट्टीवाला म्हणाला. जेवणाच्या सुट्टीआधी तो नेहमी यायचा आणि दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेत चहाचा कप ठेवून समोर उकिडवा बसायचा. तो थट्टा करत होता. पण चहा निवायची वाट बघत त्याची नजर कपात होती, आणि बघता बघता त्याची थट्टा तोंडातच राहिली.

"थांबा," तो म्हणाला. "नाही, थांबू नका. चालू द्या तुमचं."

धाकटीनं टोला दिला. बरा. परत टोला. बरा. मग एक टोला पडला आणि धाकटीनं तोंड उघडण्याआधी बाकड्यावरच्या चहावर एक बारीक कडं उठलं, मधून काठाकडं गेलं आणि विरलं. मग धाकटी म्हणाली, "बद्द."

"आई शप्पथ," भट्टीवाला म्हणाला.

त्यानं दोघींना काही सांगितलं नाही, नुसतं बघत बसला. बरा म्हणताना चहा गप्प. बद्द म्हणायच्या आधी चहा हलायचा. शेवटी तो उठला आणि टणकाबाईच्या मागं जाऊन उभा राहिला. मग त्याला दिसलं. तडकलेला आवाज झाला की बाई बसल्या जागी आकसायची. कुणी अंगावर गार पाणी टाकल्यासारखी, पण इतकी थोडी की कपड्यालाही कळू नये. डावी टाच जरा उचलायची, मांडी आवळायची, आणि ते बाकडं, जुनी लवलवती फळी, त्याच्या मधोमध पोट सुटलेलं, ते तेवढ्यानंच हलायचं. हिच्याकडून निघालेलं ते हलणं फळीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या धाकटीपर्यंत जायचं.

"मावशी," भट्टीवाला म्हणाला, "ही कानानं नाही शिकली. ही बुडानं शिकली."

धाकटी ताडकन उठली. "तोंड सांभाळून बोल! मी खाली बघते तरी का? माझं सगळं लक्ष कपाकडं असतं!"

आणि ते खरं होतं. ती खाली बघत नव्हती. तिला बाकडं हललेलं कधी कळलंही नव्हतं. टणकाबाईला आपण हलतो हे माहीत नव्हतं. दोघींपैकी कुणीच काही केलं नव्हतं, आणि तरी एकीकडून दुसरीकडं सगळं पोचत होतं. वर धाकटी आवाज वर जातो, खाली बसतो, शेपटाला कळतो असं काय काय मनापासून सांगत होती, आणि खाली बाकडं तिला उत्तर पुरवत होतं. तिला वाटायचं उत्तर तिनं काढलंय.

टणकाबाईनं स्वतः करून बघितलं. टाच दाबून धरली, मांड्या सैल सोडल्या, दात आवळले. तरी चहा हललाच. बद्द आवाज आला की तिचं अंग तिला न विचारता आकसायचं. इतक्या वर्षांत ते तिचं राहिलंच नव्हतं, कपांचं झालं होतं.

"मी लबाडी नाही केली, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"कोण म्हणतंय केली?"

"मग आता?"

टणकाबाईनं दांडी खाली ठेवली. परीक्षा जवळ आली होती, आणि तिला आतून इतका कंटाळा आला की तिथंच आडवं व्हावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीला वेगळं स्टूल दिलं, बाकड्यापासून लांब. समोर शाईचं घमेलं. टोला द्यायचा, म्हणायचं, आणि शाईलाच विचारायचं. टणकाबाई पाठमोरी बसायची. आता मधे कुणी नव्हतं, फक्त कप, कान आणि निळी रेघ. धाकटी धडाधड चुकू लागली. चुकलं की ती दांडी आपटायची.

"मला येत होतं! चांगलं येत होतं! तुम्ही दोघांनी मिळून घालवलंत!"

"येत नव्हतं तुला."

"येत होतं! तो मेला चहा घेऊन आला नसता तर आत्ताही येत असतं!"

एका अर्थी ती खरंच बोलत होती. ज्याला ती आपलं शिकलेलं समजत होती ते तिच्या हातातून काढून घेतलं होतं, आणि ते तिचं कधी नव्हतंच असं वर तोंडानं सांगितलं होतं. माणसाच्या जिव्हारी याहून जास्त काय लागणार?

त्या दिवसांत टणकाबाईला सासूची आठवण येत राहिली. सासू थुलथुलीत बाई, आणि तेव्हा ही नवीन, तर दोघी याच बाकड्यावर मांडीला मांडी लावून बसायच्या. हिलाही फार लवकर कान आला होता. सासू गावभर सांगायची, सून पोटातूनच शिकून आलीय. मग सासू उठली, ही एकटी बसली, आणि... टणकाबाईनं आठवून बघितलं. सुरुवातीला बराच माल परत आला होता. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. सासूच्या जागी नवीन आलेली म्हणून सांभाळून घेतलं होतं. ते सगळं ती विसरूनच गेली होती. म्हणजे आपलाही कान आधी सासूच्या मांडीत होता की काय? आणि मग तो हळूहळू वर कसा चढला? तिला सांगता आलं नसतं. बाकड्यानं सांगितलेलं आणि कानानं ऐकलेलं एकाच वेळी आत जात असेल, तर कुठलं कुठून आलं हे माणसानं निवडायचं कसं? तांदळातून खडे निवडता येतात, पाण्यातून साखर निवडता येत नाही.

एवढं मात्र तिनं बघितलं की धाकटी अगदीच कोरी नव्हती. ठसठशीत तडकलेला कप आता ती स्टुलावर बसूनही ओळखायची. बाकडं सांगत होतं तेव्हा कानही कोपऱ्यात बसून थोडंफार ऐकत होता. पण केसासारखी बारीक भेग असली की तिला काही कळत नव्हतं. आणि चहा सांडतो तो बारीक भेगेचाच.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी दीर भिंतीला धरून धरून थोरलीच्या खोलीत आला. खाली बसता येत नव्हतं, म्हणून दाराच्या चौकटीला टेकला.

"वहिनी, एक बोलू?"

"बोला. तुम्हाला कधी कुणी अडवलंय?"

"उद्या तुम्ही बाकड्यावरच बसा की. आणि हिलाही बाकड्यावर बसू दे."

टणकाबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"नाही म्हणजे, बाकड्यावर बसणं काही गुन्हा नाही," तो म्हणाला. "तुम्ही काही सांगणार नाही, ती काही विचारणार नाही. मुकादम कप बघेल, बुडं थोडीच बघणार आहे? एकदा ती पास झाली की तुम्ही सुटलात."

"आणि परवापासून?"

"परवाचं परवा. येईल तिला हळूहळू. तुम्हालाही आलंच ना?"

तो गेला. टणकाबाई बसून राहिली. नाही म्हणायला तोंड उघडलं नव्हतं, हे तिचं तिलाच उशिरा कळलं. तिनं खूप विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. विचार करायला अंगात त्राण लागतं. तिला फक्त एवढं दिसत होतं की उद्या बाकड्यावर बसलं की झालं. बसणं तर तिला येतच होतं, आयुष्यभर दुसरं केलं काय होतं?

सकाळी मुकादमानं भट्टीतला नवा माल मागवला. पातळ कप, बारीक कानाचे, सगळ्यात नाजूक. रंगाच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. भट्टीवाला राख झटकत आला. आज त्यानं चहा आणला नव्हता.

"मावशी, तू नेहमीसारखी बस बाजूला," मुकादम म्हणाला. "बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत."

टणकाबाई बाकड्यावर बसली. धाकटीनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि फळीच्या दुसऱ्या टोकाला बसली. भट्टीवाल्यानं मान दुसरीकडं वळवली.

टोला पडला. "बरा," धाकटी म्हणाली. उजवीकडं ठेवला. आणखी एक बरा. मग पुढच्या कपाला टोला पडला, टणकाबाईच्या कानात बारीक, अगदी धाग्याएवढी भेग वाजली, आणि तिचं अंग आपोआप आवळलं.

"बद्द," धाकटी म्हणाली.

दारातल्या बायकांत कौतुकाची कुजबुज झाली. मुकादमानं मान डोलावली. धाकटीनं तो कप डावीकडं ठेवला, पण पुढचा उचलला नाही. दांडी हातात धरून तशीच बसली. मग उठली, कपांची फळी दोन्ही हातांनी उचलली आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली.

"काय झालं?" मुकादमानं विचारलं.

"बसून पाठ दुखते. उभ्यानं करते."

"कर बाई. उलटी टांगून घेऊन कर, मला कप बघायचेत."

बाकड्यावर राहिलेली दांडी न्यायला परत आली तेव्हा ती टणकाबाईच्या अगदी जवळून गेली आणि तिलाच ऐकू जाईल एवढं बोलली, "मला कळलं, जाऊबाई, पण कुठून कळलं तेच कळेना."

तोंडाशी आलेलं असं कुणी लाथाडतं का? टणकाबाईला उठून तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. पण राग धरून ठेवायलाही ताकद लागते. ती बसून राहिली आणि ऐकत राहिली. खिडकीशी उभी राहून धाकटी प्रत्येक कपाला टोला देत होती, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून. कधी एकाच कपाला परत परत. बरा. बरा. बद्द. बरा. टणकाबाईला प्रत्येक आवाज तिथपर्यंत लख्ख येत होता. एक बरोबर. एक बरोबर. एक चुकला. इथं बाकड्यावर तिचं अंग प्रत्येक बद्दला आवळत होतं, आणि दुसऱ्या टोकाला ते घ्यायला कुणी नव्हतं.

शेवटी दोन्ही बाजूंचे कप शाईत बुडवले. मुकादमानं स्वतः पुसून मांडले. सगळे वाकून बघायला लागले. डाव्या बाजूला बद्द म्हटलेल्या सगळ्या कपांवर निळी रेघ होती, एकही धड कप फुकट गेला नव्हता. उजवीकडचे बहुतेक पांढरे शुभ्र. पण त्यांच्यातल्या काहींवर रेघ होतीच. बारीक, पेन्सिलीनं चुकून ओढल्यासारखी.

मुकादमानं ते कप उचलून उजेडात धरले, परत ठेवले.

"मोठी भेग ऐकू येते हिला," तो म्हणाला. "बारीक नाही येत. हे पातळ कप हिच्या हातात देता येणार नाहीत." धाकटीनं मान खाली घातली. तो पुढं म्हणाला, "जाड मगांना मात्र चालेल. जाड मालाला तडा गेला तर दणकून जातो, लपत नाही. मगांकडं तसंही कुणी नाही. उद्यापासून तिकडं बस. कान वाढला की बघू."

धाकटीनं हातातली दांडी घट्ट धरली. तिला काम मिळालं होतं. घरी जाऊन सांगायला तोंड राहिलं होतं. ती हसली नाही, कारण समोर थोरली बसली होती.

"आणि मी?" टणकाबाईनं विचारलं.

मुकादमानं खांदे उडवले. "तुझ्या जागी कान बसला नाही, मावशी. तू आहेस तशी आहेस. रीत तुला ठाऊक आहे."

रीत ठाऊक होती. धाकटी जवळ आली.

"जाऊबाई, रागावलात?"

"वेळ कुठंय मला," टणकाबाई म्हणाली. मग म्हणाली, "मगाला दांडी खालून मार, काठाला नको. जाड माल काठाला काही बोलत नाही."

धाकटीनं मान हलवली आणि मगांच्या बाजूला गेली. बायका आपापल्या कामाला पांगल्या. परीक्षेच्या भानगडीत सकाळचा सगळा माल तुंबला होता, आणि दारापासून फळ्यांची रांग लागली होती.

मुकादम जाता जाता थबकला. माणूस तसा वाईट नव्हता. "मावशी," त्यानं विचारलं, "तुझ्या घरात आणखी कुणी आहे का? शिकवण्यासारखं?"

"आता एक दीरच उरलाय," टणकाबाई म्हणाली. "त्याला बायको ओरडलेली ऐकू येत नाही. कप काय ऐकणार आहे, कप्पाळ?"

भट्टीवाला खो खो हसला, मुकादमही हसला, मगांकडून धाकटीचाही हसू दाबल्याचा आवाज आला. टणकाबाईनं दांडी उचलली आणि डावा हात पुढं केला.

"हसून झालं असेल," ती म्हणाली, "तर ती पहिली फळी सरकवा इकडं."